मायसंगं एक दिवस

रविवारी शाळेला सुटी असते. शेताला सुटी नसते. दिवाळी झाली, पऱ्हाटी फुटली, की आपल्याकडच्या बाया अंधारात उठतात, भाकरी थापतात आणि ओटीचे फडके घेऊन वेचणीला निघतात. रविवार काय आणि बुधवार काय, त्यांना सारखेच.

ही हकिकत बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातील एका गावची आहे. आम्ही माणसांची नावे सांगत नाही. एक आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी, एवढे पुरे. आई मजुरीने कापूस वेचते. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत शिकते. त्या रविवारी आई निघाली, तशी मुलगी उंबऱ्यात उभी राहिली.

"माय, मी येऊ काय तुह्यासंगं?"

"तू कायले येतं वं? तिथं काय जत्रा आहे?"

"मले पाहाचं आहे, तू दिवसभर काय करतं ते."

आईला हसू आले. कापूस वेचायचा, त्यात पाहायचे काय? आपले रोजचे काम आपल्याला काहीच वाटत नाही. पण लेकराने ते कधी पाहिलेलेच नसते. माय सकाळी जाते आणि संध्याकाळी थकून येते, एवढेच त्याला ठाऊक. आईने एक भाकर जास्त बांधली आणि मुलीला बरोबर घेतले.

वावरात पोचल्यावर बाया लगेच वेचायला लागल्या नाहीत. बांधावर बसून राहिल्या. मुलीला नवल वाटले. घरात घाई घाई करणारी माय इथे गप्प बसते कशी?

"दहिवर पडलं आहे ना वं," आई म्हणाली. "सुकू दे. ओला कापूस नाई वेचत."

का वेचत नाहीत? दवाने ओला झालेला कापूस घरात रचून ठेवला की आत ऊब धरतो. पिवळा पडतो. मग त्याला भाव येत नाही. बाजारात ओलावा मोजायचे यंत्र असते. भारतीय कापूस महामंडळ, ज्याला लोक सीसीआय म्हणतात, ते ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते. त्याच्या पुढे भाव कापते, आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला तर कापूस घेतच नाही. आईला टक्के माहीत नव्हते. पण तिने एक बोंड चिमटीत धरले, सोडले, आणि म्हणाली, "अजून थोडं." यंत्र काय सांगेल ते तिच्या बोटांना कळत होते.

ऊन वर आले. बाया उठल्या. आईने मुलीला दाखवले: झाडाच्या खालच्या फांदीपासून वर वेचत जायचे. वरून सुरुवात केली तर वाळका पाला खालच्या कापसावर पडतो आणि चिकटतो. पूर्ण फुटलेले बोंडच घ्यायचे. किडका, डागी कापूस, ज्याला आपण कवडी म्हणतो, तो वेगळा ठेवायचा. एक मूठ कवडी चांगल्या कापसात गेली तर सारे गाठोडे नावाला लागते. दोन्ही हात चालले पाहिजेत. डावा एका बोंडावर, उजवा दुसऱ्या बोंडावर.

मुलीने चार-दोन बोंडे वेचून पाहिली. वाळलेल्या बोंडाची टोके काट्यासारखी असतात. ती नखाजवळ टोचली. तिने बोट तोंडात घातले आणि आईच्या हातांकडे पाहिले. आईच्या बोटांना भेगा होत्या, त्यांत काळे धरले होते. ती बोटे मुलगी रोजच पाहत होती. भाकर वाढताना, वेणी घालताना. ती तशी का आहेत, हे तिला त्या दिवशी कळले. ती काही बोलली नाही. आईनेच आम्हाला पुढे सांगितले, की पोट्टी एकदम गप्प झाली.

दुपारी निंबाखाली भाकर सोडली. भाकर, ठेचा, कांदा. मुलीने विचारले, "माय, हा कापूस जाते कुठं?"

"खामगावले."

"अन् तिथून?"

तिथून पुढचे आईला सांगता आले नाही. ते आम्ही सांगतो. कापूस जिनात जातो. तिथे रुई आणि सरकी वेगळी होते. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. सरकीचे तेल काढतात, पेंड जनावरांना घालतात. रुई दाबून गाठ बांधतात. एक गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला ५०० किलो कापूस लागतो. दिवसाला ३८ किलो वेचणारी बाई तेरा दिवस वाकली की एक गाठ होते. गाठ सूतगिरणीत जाते, सुताचे कापड होते, आणि ते फिरून आपल्याच बाजारात लुगडे होऊन येते.

खामगावचा कापूस आजचा नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत आपसातले युद्ध चालले होते. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा टाकला, तोही कापसासाठी. फाटा जेमतेम तेरा किलोमीटरांचा. आपल्या आजी-पणजीने वेचलेला कापूस या फाट्यावरून समुद्रापार गेला आहे. त्यांना ते कुणी सांगितले असेल काय? आम्हाला नाही वाटत.

आता त्या संध्याकाळकडे येऊ. खरी गोष्ट तिथे आहे.

दिवस कलला. गाठोडी बांधून बाया खळ्यावर आल्या. निंबाच्या फांदीला काटा टांगला होता. तागडी नव्हे, नवा विजेऱ्यावर चालणारा काटा. गाठोडे हुकाला लावले की पाटीवर आकडे उमटतात. शेतमालकांचा नातू वही घेऊन उभा होता. तो दहावीत शिकतो. आईचे गाठोडे लावले. मुलीने आकडा वाचला आणि मोठ्याने म्हणाली, "अडतीस किलो दोनशे." नातवाने वरचे दोनशे ग्रॅम सोडून वहीत अडतीस लिहिले. वरचे ग्रॅम सोडायची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. रीत चांगली नाही, पण तो विषय पुन्हा केव्हा तरी घेऊ.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. म्हणून त्याच संध्याकाळी आठवड्याचा हिशेब. हिशेब करायला नातवाचे आबाजी बसले. म्हातारा माणूस सरळ. जुन्या काळी मराठी चौथी शिकलेला. इतके दिवस वहीही तेच लिहीत. त्या आठवड्यापासून मात्र वही नातवाकडे दिली होती. आबाजींनी चष्मा लावला आणि आईच्या नावापुढचे आकडे वाचले:

"चोवीस, छत्तीस, सदतीस, चौतीस, पस्तीस, चौतीस. झाले दोनशे किलो. भाव दहा रुपये. घे माय, दोन हजार."

आईने हात पुढे केला. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आबाजी, आजचे तं अडतीस भरले. मी वाचले ना काट्यावर."

सगळे गप्प. आई मुलीला दटावू लागली. मोठ्या माणसांच्या हिशेबात पोरांनी बोलू नये, अशी आपली चाल. पण आबाजी म्हणाले, "थांब, पाहू दे." त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मग नातवाला हाक मारली.

काय झाले होते? नातू इंग्रजी आकडे लिहीत होता. शाळेत तेच चालतात, मोबाईलवर तेच, काट्यावर तेच. घाईत लिहिताना त्याच्या इंग्रजी आठाचे तोंड वरून उघडे राहत होते. उघड्या तोंडाचा इंग्रजी आठ आणि आपला मराठी चार, दोन्ही अगदी सारखे दिसतात. आबाजी मराठी शिकलेले. त्यांनी आठाला चार वाचले. कुणी कुणाला फसवले नव्हते. तरी आईची मजुरी जात होती.

पुन्हा हिशेब मांडला. मंगळवारी २८. बुधवारी ३६. गुरुवारी ३७. शुक्रवारी ३८. शनिवारी ३५. रविवारी ३८. बेरीज २१२ किलो. पैसे झाले २१२० रुपये. बारा किलोंचे १२० रुपये आणखी मिळाले.

मग बाकीच्या बायांचेही आकडे तपासले. एकीचे आठ किलो वाढले, एकीचे चार. एका बाईच्या नावापुढे आबाजींनी पन्नास वाचले होते आणि तिला शाबासकीही दिली होती. तो आकडा चाळीस निघाला. इंग्रजी चार हा आपल्या पाचासारखा दिसतो ना! त्या बाईचे तोंड उतरले. तिने शंभराची नोट पदरातून सोडून पुढे केली. आबाजी म्हणाले, "ठेव वं बाई. चूक माह्या डोळ्यांची." वहीला पक्षपात नव्हता. ती दोन्हीकडून चुकत होती.

घरी जाताना आईच्या मनात एकच हिशेब. पोरगी आली नसती तर १२० रुपये गेले असते. पोरगी रोज आली तर? एक तर आकडा बरोबर लागेल. दुसरे, तिचीही बोटे आता चालायला लागली आहेत. सोमवारी बाजार झाला. मंगळवारी आईने मुलीला शाळेत पाठवलेच नाही. वावरात नेले. बुधवारीही नेले. मुलगी आईच्या ओटीत वेचू लागली. दोन दिवसांत आईचे वजन वीस-बावीस किलोंनी वाढले. म्हणजे दोनशेवर रुपये. हातावर पोट असलेल्या घरात ही रक्कम लहान नाही. आम्ही त्या आईला नावे ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. तिच्या जागी आपण असतो तर काय केले असते, ते आधी मनाशी पाहा.

पण दोन दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. शाळेत त्या आठवड्यात अपूर्णांक शिकवायला घेतले होते. अर्धा, पाव, पाऊण. मुलीचे ते बुडाले. काट्यावरचे दोनशे ग्रॅम म्हणजे किलोचा कितवा भाग, हे त्याच धड्यात येते.

बुधवारी आबाजीच आईला म्हणाले, "उद्या पोरीले आणू नको. माह्यावर येईन ते." त्यांचे खरे होते. बालमजुरीविरुद्धचा कायदा १९८६ साली झाला आणि २०१६ साली आणखी कडक केला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामाला मजुरीने ठेवता येत नाही. ठेवले तर मालकाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा २० हजारांपासून ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरचे शेत असेल, काम धोक्याचे नसेल, तर शाळा सुटल्यावर किंवा सुटीत मुलाने हातभार लावला तर चालतो. पण दुसऱ्याच्या शेतात, मजुरीच्या ओटीत, नाही. शिवाय १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण मिळालेच पाहिजे. मधे शाळा सुटलेल्या मुलालाही त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावे लागते. हेडमास्तर नाही म्हणू शकत नाहीत.

फवारणीचे तर नावच नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. ती मोठी, धडधाकट माणसे होती. फवारणीच्या दिवशी लेकरू वावराच्या बांधावरसुद्धा नेऊ नका.

एक गंमत सांगतो. अमेरिकेत १९९३ सालापासून एक दिवस पाळतात. एप्रिलच्या चौथ्या गुरुवारी आईबाप मुलींना आपल्या कामावर घेऊन जातात. पुढे मुलांनाही नेऊ लागले. आईबाप काय काम करतात, पैसा कसा येतो, हे लेकरांनी डोळ्यांनी पाहावे म्हणून. तिथे मुद्दाम न्यावे लागते. आपल्याकडे उलट आहे. आपल्याकडे लेकरू झोळीत असते तेव्हापासून बांधावर असते. त्याला वावरातून शाळेत नेण्याचीच खटपट करावी लागते. म्हणून आम्ही म्हणतो, रविवारी न्या. खुशाल न्या. दाखवा, सांगा, भाकर खाऊ घाला. सोमवारी शाळेत पाठवा.

बुधवारी रात्री शाळेच्या बाई त्या घरी आल्या. रागावल्या नाहीत. ओसरीवर बसल्या, चहा घेतला. आई म्हणाली, "बाई, पोरगी वाचते म्हणून माहे पैसे वाचले. मले काय कळते त्या काट्यावरचं?"

बाई म्हणाल्या, "मग तुम्हीच शिका ना. किती दिवस लागतील? आकडे दहाच तर आहेत."

दुसऱ्या दिवशी रात्री आई आमच्या वर्गाला आली. दारातच उभी राहिली. आम्ही पाटी पुढे केली आणि अ काढून दाखवला. तिने मान हलवली.

"ते मंग पाहू. मले फकस्त आठ शिकवा."

आम्ही आठ शिकवला. मराठी आठ आणि इंग्रजी आठ, दोन्ही. तुम्हीही लक्षात ठेवा. इंग्रजी आठ म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन वाटोळी. दोन्ही बंद. वरचे तोंड उघडे राहिले तर तो आठ नव्हे, घोटाळा आहे. आपल्या चाराला वर दोन शिंगे असतात आणि खाली एक वाटोळे. काट्याच्या पाटीवर आकडे चौकोनी दिसतात. तिथला आठ दोन मजल्यांच्या घरासारखा, चारी बाजूंनी भिंती असलेला. इंग्रजी चाराला उजवीकडे सरळ दांडा असतो. आपल्या पाचाची शेपटी वळते. दहाही आकड्यांचा तक्ता वर्गात लावलेला आहे. एका रांगेत मराठी, त्याखाली इंग्रजी. तो उतरवून घ्या आणि घरी भिंतीवर लावा. एसटीचे तिकीट, रेशनची पावती, बँकेचे पासबुक, मोबाईल, सगळीकडे बहुधा खालच्या रांगेतले आकडे असतात.

चार रात्रींत आईला दहाही आकडे आले. अ पुढच्या आठवड्यात आला. रात्री मुलगी अभ्यासाला बसली की आईही बसते. शिकवणारी मुलगीच. चुकले की डोळे मोठे करते, अगदी शाळेच्या बाईंसारखे.

आपल्याच जिल्ह्याची एक जुनी गोष्ट इथे आठवते. दीडशे वर्षांपूर्वी बुलढाण्यात बापूजी हरी शिंदे नावाचे गृहस्थ सरकारी कचेरीत कारकून होते. मुलींना कुणी शिकवत नसे, असा तो काळ. त्यांनी आपल्या लेकीला घरीच वाचायला-लिहायला शिकवले. ती लेक म्हणजे ताराबाई शिंदे. बायकांना एक न्याय आणि पुरुषांना दुसरा का, असे विचारणारे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक त्यांनी १८८२ साली लिहिले. तिथे बापाने कचेरीतले अक्षर घरी लेकीसाठी आणले. इथे लेकीने शाळेतले आकडे मायसाठी आणले.

आता आईची स्वतःची वही आहे. पाच रुपयांची, लहान. काट्यावर आकडा उमटला की ती स्वतः वाचते आणि मराठी आकड्यांत लिहून घेते. आबाजींनीही नातवाला सांगून ठेवले आहे, की आठाचे तोंड बंद कर. एका आठवड्याचे पान आम्ही तिला विचारून इथे उतरवून घेतले आहे:

मंगळवार ३७. बुधवार ३८. गुरुवार ४०. शुक्रवार ३६. शनिवार १९. रविवार ३८.

भाव किलोला १० रुपये. एकूण किलो किती आणि रुपये किती, ते पाटीवर मांडून काढा.

शनिवारी १९ च किलो का, असे तुम्ही विचाराल. आम्हीही विचारले. शनिवारी सकाळची शाळा असते. मुलगी म्हणाली होती, "माय, मी आलो ना तुह्यासंगं? आता तू ये माह्यासंगं." म्हणून आई त्या सकाळी शाळेत गेली. मागच्या बाकावर बसली आणि लेक दिवसभर काय करते ते पाहून आली. वावरात पोचायला तिला दुपार झाली.